वारा आणि वारं

परवा सुनेनं मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. पुण्यातच कुठंतरी शनिवार-रविवारचं शिबिर आहे. चिनी पद्धतीनं ऋतूप्रमाणे कसं राहायचं, काय खायचं, कधी झोपायचं, हे शिकवणार. वर गरम पाण्याचा थर्मास भेट. "बाबा, इंटरेस्टिंग आहे ना?" मी म्हटलं, "पोरी, हे शिबिर मी कतारात कधीच करून बसलोय. थर्मास नव्हता, ॲल्युमिनियमची किटली होती." तिला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा फेकतोय. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकू.

कतारला होतो म्हटलं की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात, अंगठी शोधतात. सोनं, तेल आणि शेख यांपैकी कशाशीही माझा धड संबंध आला नाही. माझा संबंध आला तो घामोळ्यांशी, पाठीत भरलेल्या उसणीशी आणि डोळ्यांत गेलेल्या वाळूशी. मी मिरजेला नर्सिंग शिकलेला पुरुष. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोह्याला गेलो आणि एका बांधकाम कंपनीच्या लेबर कॅम्पवर दवाखाना सांभाळायला लागलो. नर्स बाई असली तर सिस्टर, पुरुष असला तर ब्रदर. कॅम्पात माझं खरं नाव कुणाला माहीत होतं की नाही, शंका आहे.

दवाखाना म्हणजे एक पोर्टा केबिन. एक टेबल, एक खाट, वजनाचा काटा आणि कुलपाचं कपाट; किल्ली माझ्या खिशात. डॉक्टर कुरियन नावाचे मल्याळी डॉक्टर ठरलेल्या दिवशी शहरातून यायचे. गंमत अशी, की डॉक्टर यायच्या दिवशी गर्दी कमी आणि एरवी जास्त. कारण डॉक्टर इंग्रजीतून विचारायचे आणि आमच्या लोकांची दुखणी मराठीतून व्हायची. लोकांना वाटतं मी औषधं वाटत होतो. खरं म्हणजे मी भाषांतर करत होतो.

एकदा कोल्हापूरकडचा एक गवंडी आला. चेहरा वाकडा करून म्हणाला, "ब्रदर, उन्हाळी लागलीया." डॉक्टर कुरियन माझ्याकडे बघायला लागले. मी घाईत सांगून टाकलं, "सर, ही हॅज समर." डॉक्टर भला माणूस. पेन खाली ठेवून म्हणाले, "सो हॅव आय, ब्रदर. सो हॅज एव्हरीबडी इन कतार."

आता लघवीला जळजळ होते, त्या दुखण्याला आम्ही ऋतूचंच नाव देऊन ठेवलंय, हे त्यांना कसं समजावू? मी हातवारे करत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बोटाला पट्टी बांधून घ्यायला बसलेला एक ठेंगणा माणूस उठला, ओटीपोटावर हात ठेवून म्हणाला, "यस, यस, समर इनसाइड! बार्ली वॉटर!" माझी आईही हेच सांगायची. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली, औषध दिलं आणि म्हणाले, बार्ली घ्यायलाही हरकत नाही. तिघांचं एकमत झालं याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

तो ठेंगणा माणूस म्हणजे मिस्टर लिम. मलेशियातला, पेनांगचा चिनी. वय पन्नाशीच्या पुढं. आज दोह्यात जिथं वेस्ट बेचे टॉवर उभे आहेत, तिथं तेव्हा समुद्रात भर टाकून केलेली सपाट जमीन होती. त्या जमिनीत इमारतीच्या पायासाठी खांब ठोकायचे, त्या गँगचा तो फोरमन. वडिलांचं पेनांगला काष्ठौषधींचं दुकान होतं. हा स्वतः वैद्य वगैरे काही नव्हता. घरात जे बघितलं ते करायचा आणि दुसऱ्यांच्या मागं लागून करायला लावायचा. गळ्याभोवती बारा महिने टॉवेल. आमच्या मराठी लोकांनी त्याला मामा करून टाकलं. "मामा, हिमालयात निघाला का?" असं रोज कुणीतरी विचारायचं आणि मामा रोज हसायचा.

कतारात ऋतू किती, यावर आमच्या मेसमध्ये कायमचा वाद. आम्ही शाळेत पाठ केलेले सहा सांगायचो, वसंतापासून शिशिरापर्यंत, आणि मग खिडकीबाहेर बघून गप्प बसायचो. कंपनीच्या लेखी दोनच, समर टायमिंग आणि विंटर टायमिंग. लिममामा म्हणायचा पाच. बोटांवर मोजून दाखवायचा: वारा, ऊन, दमट, कोरडं, थंडी. आधी आम्ही त्याची टर उडवली. पण वर्ष काढल्यावर कळलं, की गडी बरोबर बोलतोय. वाऱ्याचे दिवस असतातच, मग ऊन, मग ऑगस्ट-सप्टेंबरात दोरीवरचा शर्ट वाळत नाही असा चिकट दमटपणा, मग ओठ फुटायला लागतात, आणि मग थंडी. वाळवंटात थंडी नसते असं ज्याला वाटतं, त्यानं जानेवारीत पहाटे क्रेनवर चढून बघावं.

प्रत्येक ऋतूला मामाचं खाणं वेगळं. उन्हात हिरवे मूग आणि कारलं. दमट दिवसांत बार्ली आणि हलकं जेवण. कोरड्या दिवसांत नासपती उकडून. थंडीत मटणाच्या पाण्यात आलं, आणि झोपायच्या आधी पाय गरम पाण्यात. यातलं निम्मं माझी आईही सांगायची. फक्त ती ऋतूबितूचं नाव न घेता "बाधेल" एवढंच म्हणायची, आणि त्यावर अपील नसायचं.

मुगावरून मात्र भांडण झालं. मामा मूग साखर घालून उकडायचा. आमच्या लोकांनी पहिला घोट घेतला आणि थू थू केलं. "मुगाचं कढण गोड? अरे, हे काय लग्नाचं जेवण आहे का?" मेसच्या भटारखान्यात मग दोन पातेली ठेवावी लागली, एक मामाचं आणि एक मीठ-जिऱ्याचं. मी सॉल्टच्या गोळ्या वाटायचो, त्या लोक वाळूत फेकायचे. पण मिठाचं कढण ग्लास ग्लास प्यायचे. मी गोळ्यांचा आग्रह सोडला.

थंड पाण्यावरून माझं आणि मामाचं जुंपायचं. लोक उन्हातून यायचे आणि कूलरमधलं बर्फाचं पाणी ढोसायचे. मामा तिथं कोमट पाण्याची किटली घेऊन उभा. "कोल्ड वॉटर नो गुड, ब्रदर! पेट में लड़ाई!" मी म्हणायचो, "मामा, माणूस तापून आलाय, कसलंही पाणी पोटात जाऊ दे." एक मात्र सांगतो, कारण शिबिरवाले हे सांगणार नाहीत. एका दुपारी एक लोखंड बांधणारा कामगार साइटवर कोसळला. अंग भट्टी झालेलं, घाम बंद, तोंडानं असंबद्ध बडबड. त्याला उचलून आणणाऱ्यांत मामा होता. मी काही म्हणायच्या आत मामाच ओरडला, "नो सूप! आइस! हॉस्पिटल! यल्ला!" आणि रोज बर्फाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या त्या माणसानं स्वतःच्या हातानं त्याच्या काखेत बर्फ भरला. तो कामगार वाचला. त्या दिवसापासून मी मामाशी भांडायचो, पण त्याला हसायचो नाही.

आता सदाची गोष्ट. मुळात तीच सांगायची होती.

सदाशिव खटाव तालुक्यातला. टॉवर क्रेनचा ऑपरेटर. दिवसभर वर काचेच्या खोक्यात एकटा, त्यामुळं खाली आला की तोंडाची टकळी सुरू. त्याचा साखरपुडा झालेला होता आणि लग्न पुढच्या रजेत. मुलीचं नाव प्रमिला. मॅट्रिक झालेली, मास्तरांची मुलगी. तेव्हा घरी फोन करणं म्हणजे चैन होती. लोक कॅसेट भरून पाठवायचे. टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, बोलायचं, आणि रजेवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची. उत्तरही तसंच यायचं. माझी केबिन शांत, म्हणून सदा कॅसेट भरायला माझ्याकडे यायचा. मी कापूस वळत बसायचो आणि तो घसा खाकरून सुरू करायचा, "प्रिय प्रमिला, मी सदाशिव बोलतोय." नेहमीचं खटावी बोलणं गुंडाळून ठेवून एकदम शुद्ध. कारण प्रमिला पुस्तकातल्यासारखं बोलायची आणि सदा त्याला टरकून असायचा.

त्या मे महिन्यात नव्या केबिना आल्या, खिडकीत एसी बसवलेल्या. आमच्या लोकांना आभाळ ठेंगणं झालं. एसीच्या तोंडाखालची खाट कुणाला, यावरून मारामारी व्हायची वेळ आली. सदानं चिठ्ठ्या टाकून ती मिळवली. क्रेनच्या खोक्यात एसी नव्हता. तो घामानं निथळत यायचा, अंघोळ करायचा आणि ओल्या केसांनी थेट त्या झोताखाली आडवा. मामा जाता जाता डोकवायचा आणि स्वतःच्या मानेवर थापट मारायचा, "सदा, नेक! नेक! इधर से विंड घुसता!" मामाचं म्हणणं, मानेच्या मागं वाऱ्याचं दार असतं, ते झाकलेलं ठेवायचं. "अरबी आदमी देखो, गुत्रा बांधता, नेक कव्हर. स्मार्ट पीपल." सदा पडल्या पडल्याच म्हणायचा, "मामा, गावाकडं जनमभर फुकटचं वारं खाल्लं. हे विकतचं हाय, खाऊ द्या की!"

एका सकाळी सदा तोंडाला रुमाल लावून दवाखान्यात आला. रुमाल काढला. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा डोळा उघडाच, मिटतच नव्हता. चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं, तेव्हा त्याला कळलं. ओठाला ओठ टेकत नव्हता. त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, रडल्याचं की न मिटल्याचं, देव जाणे. कसंबसं म्हणाला, "ब्रदर, संपलो मी. वारं गेलं माझ्या अंगावरनं."

मराठी वाचकाला हे सांगायला नको, पण तरी सांगतो. आमच्याकडे 'वारं गेलं' म्हणजे लकवा, अर्धांग. ते ज्याच्यावरून गेलं तो ओट्यावर बसून राहणार आणि घरच्यांनी त्याला भरवायचं. सदाचा आजा तसाच गेला होता. मलाही आधी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्याला माझे हात दाबायला लावले. दोन्ही हातांत जोर सारखा. चालायला लावलं. नीट चालला. मग म्हटलं, "कपाळाला आठ्या घाल." उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. तेव्हा माझा जीव जरा खाली पडला. मेंदूचा झटका असेल तर बहुतेक वेळा कपाळ शाबूत राहतं. कपाळासकट अर्धा चेहरा गेला, तर दुखणं बहुधा चेहऱ्याच्या नसेचं असतं. पण हे ठरवणारा मी कोण? त्याला गाडीत घालून सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आणि नंतर डॉक्टर कुरियननीही तेच सांगितलं. नस सुजलीय, लकवा नाही. गोळ्या दिल्या, डोळ्यांत घालायचे थेंब दिले, झोपताना डोळा पट्टीनं बंद करायला सांगितलं. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं, काहींचं पूर्ण येत नाही, म्हणाले.

मी खूश होऊन कॅम्पात परतलो, तर इकडं सगळा कॅम्प सुतकात. "सदाच्या तोंडावरनं वारं गेलं." आणि त्याहून वाईट म्हणजे बाळू ड्रायव्हर, सदाच्याच तालुक्यातला, जिभेला हाड नसलेला, त्याच संध्याकाळच्या विमानानं लांब रजेवर निघून गेला. जाताना बातमी घेऊन गेला. इस्पितळात काय सांगितलं, ते ऐकायला तो थांबलाच नाही.

कॅम्प बॉस मिस्टर नबील. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून विचारणारे होते. म्हणाला, "डोळा मिटत नाही अशा माणसाला मी क्रेनवर चढवू? खाली माणसं काम करतात, ब्रदर." बरोबरच होतं त्याचं. डॉक्टर कुरियननी शब्द टाकला, तेव्हा म्हणाला, "ईदपर्यंत स्टोअरमध्ये बसू दे. ईदपर्यंत बरा झाला तर क्रेन, इन्शाल्ला. नाहीतर खलास, तिकीट काढतो."

दुसऱ्या दिवशी लिममामा आला. सदाचा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून बघितला, कानामागं दाबून बघितलं आणि एकदम हसला. "ओन्ली विंड! विंड कमिंग, विंड गोइंग."

सदानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय मामा?"

मी आपला भाषांतरकार. सवयीनं बोलून गेलो, "म्हणतोय, काही नाही, नुसतं वारं आहे."

सदा मटकन खाली बसला. "मामा पण वारंच म्हणतोय! मग तुम्ही कालपास्नं मला नस, नस काय सांगताय?" आणि धाय मोकलून रडायला लागला. अर्धा चेहरा रडत होता आणि अर्धा ढिम्म, ते बघवत नव्हतं. मामा घाबरला. "व्हॉट यू टेल हिम, ब्रदर?"

मी कपाळाला हात लावला. सदाच्या गावाकडे सुटतं तेही वारं आणि अंगावरून जातं तेही वारंच. एकच शब्द. आता फोड कशी करायची? शेवटी मी ओरडलो, "अरे येड्या, वारं नाही, वारा! मामा म्हणतोय वारा! तो वारा! ते वारं नव्हे!"

सदा रडायचा थांबला. "वारा?"

"वारा. पुल्लिंगी. वारा येतो आणि जातो. वारं माणसाला घेऊन जातं. तुला वारा लागलाय."

नर्सिंगच्या शाळेत व्याकरण शिकवत नाहीत, पण त्या दिवशी तेच कामाला आलं. मामाला मी फरक समजावून सांगितला, तर त्याला केवढा आनंद झाला. त्या दिवसापासून तो सदाला लांबूनच ओरडायचा, "सदा! वारा गुड! वारं नो गुड!" सगळ्या कॅम्पात सदाच्या दुखण्याचं लिंग न चुकता बोलणारा तो एकटाच.

मामाला सुया टोचायच्या होत्या. पेनांगला वडिलांचे मित्र टोचायचे म्हणे. मी सरळ नाही म्हटलं. "मामा, या केबिनमध्ये सुई मीच टोचणार, आणि मी ती टोचणार नाही." मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग डॉक्टर कुरियननी मध्यस्थी केली. सुया नाहीत, डोळ्याजवळ शेक नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. बाकी शेकणं, चोळणं करा, त्यानं नुकसान नाही. मामाची गाडी सुटली. सदाची खाट एसीपासून लांब कोपऱ्यात गेली. गळ्यात मामाचा स्वतःचा टॉवेल. रोज सकाळी कानामागं, जबड्यावर आणि अंगठा नि बोटाच्या बेचक्यात चोळायचं. गालाला गरम फडक्याचा शेक, आल्याचं गरम पाणी. आणि तोंडाचे व्यायाम: फुंकर मार, शीळ घाल, गाल फुगव. त्यात मी माझी भर घातली. प, फ, ब, भ, म. ओठाला ओठ लागल्याशिवाय ही अक्षरं होत नाहीत. सदा स्टुलावर बसून घोकायचा आणि 'प'च्या जागी नुसती हवा निघायची, इंग्रजी एफसारखी. नावही नेमकं प्रमिला. सुरुवातीला प, मध्ये म, दोन्ही ठिकाणी ओठ लागतात. सदाच्या तोंडून निघायचं, "फ्रविला." स्टोअरमधले लोक चिडवायला लागले, "काय सदाशिवराव, फ्रविलाबाई कशा आहेत?" सदानं बोलणंच टाकलं. ज्याची टकळी थांबायची नाही तो माणूस मानेनं हो-नाही करायला लागला. मला ते त्याच्या वाकड्या तोंडापेक्षा जास्त लागलं.

आणि मग रजेवरून परतलेल्या एका वेल्डरच्या हाती सदाच्या थोरल्या भावाची कॅसेट आली. माझ्याच केबिनमध्ये आम्ही ती लावली. भाऊ म्हणत होता, "सदा, बाळूनं इथं सगळं सांगितलं. मास्तर म्हणतात, वारं गेलेल्या माणसाला मुलगी कशी द्यायची? त्यांचंही काय चुकलं? पण पोरगी अडून बसलीय. म्हणते, लोकांच्या तोंडून नको, ते स्वतः काय बोलतात ते मला ऐकायचंय. तवा तू लवकर बोल, बाबा."

सदानं टेप बंद केला. स्वतः बोल! नेमकं तेच त्याला येत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, महिनाभर थांब, तोंड सरळ झालं की भर कॅसेट." त्यानं मान हलवली. महिनाभर मास्तर थांबतील का, हे मलाही माहीत नव्हतं.

मामा दारात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नो वेट. टुडे टॉक. टुमारो टॉक. एव्हरी डे लिटल टॉक, सेम कॅसेट. वारा गोइंग, शी विल हिअर." वारा जातोय, तो तिला जाताना ऐकू दे. माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

सदा लाजला, चिडला, नको म्हणाला. मामानं टेपरेकॉर्डर त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतः लाल बटण दाबलं. सदा घसा खाकरून बोलला, "फ्रिय फ्रविला, वी सदाशिव वोलतोय." आणि थांबला. मामानं बटण बंद केलं. "गुड. खलास. टुमारो."

तेव्हा जून लागला होता आणि शमाल सुरू झाला होता. शमाल म्हणजे उत्तरेकडून येणारा धुळीचा वारा; दिवसच्या दिवस वाहतो. पोर्टा केबिनच्या पत्र्याला तो घोंघावत धडका द्यायचा. मी खिडकीच्या फटींत कापूस कोंबायचो, तरी आवाज यायचाच. त्या आवाजात सदा रोज एक-दोन वाक्यं बोलायचा. आज क्रेन लांबून बघितली. आज आल्याचं पाणी प्यायलो. मग रमजान आला, दिवसाचे कामाचे तास कमी झाले, आणि एका सकाळी चोळता चोळता मामा ओरडला, "मूव्हिंग!" ओठाचा डावा कोपरा हलला होता. एवढासाच. आम्ही तिघं आरशात बघत बसलो. सदा पुन्हा पुन्हा हलवून दाखवायचा. पुढच्या आठवड्यात फुंकरीनं काडी विझली. मग पापणी खाली यायला लागली. 'म' आधी आला, 'प' मागून. आणि एके दिवशी टेपसमोर सदा बोलला, "प्रिय प्रमिला." एकदम स्वच्छ. बोलला आणि स्वतःच दचकला. मग एकसारखं बोलतच सुटला, कॅसेटची ती बाजू संपून बटण टक्कन वर येईपर्यंत. ती कॅसेट रजेवर जाणाऱ्या एकाच्या हाती दिली.

ईदच्या आधी डॉक्टर कुरियननी सदाला तपासून हो म्हटलं. मिस्टर नबीलनं स्वतः त्याच्यासमोर उभं राहून डोळे मिटायला लावले, दोन्ही नीट मिटलेले बघितले आणि म्हणाला, "यल्ला, वर जा." मामाचा टॉवेल गळ्यात बांधून सदा शिडी चढला. लोक मला आजही विचारतात, बरा कशानं झाला? गोळ्यांनी, मामाच्या चोळण्यानं, की आपला आपणच? मला माहीत नाही. डॉक्टर कुरियन म्हणायचे, गोळ्यांनी. मामा म्हणायचा, टॉवेलनं. मी दोघांनाही हो म्हणायचो.

पण सदाचा जीव वर लागत नव्हता. कॅसेटला उत्तर नव्हतं. ईद झाली, मूग संपून बार्लीचे दिवस आले, हवा चिकट झाली, तरी उत्तर नाही. मग एका संध्याकाळी बाळू ड्रायव्हर रजा संपवून परत आला. हातात लाडवांचा डबा आणि एक कॅसेट. सदाला बघून चपापला. "आयला, तू तर सरळ आहेस!" मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो, पण सदानं कॅसेट हिसकावून घेतली होती.

केबिनमध्ये सदा, मी आणि मामा. बाळू दारात. टेप सुरू झाला. आधी खरखर, मग प्रमिलाचा तो पुस्तकी आवाज.

"तुमची कॅसेट पोचली. मी ती घरातल्या सगळ्यांना पहिल्यापासून लावून दाखवली. सुरुवातीला वडील उठून गेले. शेवटी शेवटी परत येऊन बसले. बाळूभाऊ सांगत होते, की तुमच्यावरून वारं गेलं. मी कान देऊन ऐकलं. मला तर मागं नुसता वारा ऐकू आला, सारखा सोसाट्याचा. एवढ्या वाऱ्यात राहता, आणि डोक्याला काही बांधत नाही ना? कान-मान झाकत जा. मुहूर्त दिवाळीनंतरचा धरलाय."

सदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामानं माझ्या बाहीला ओढलं, "व्हॉट शी से, ब्रदर? व्हॉट शी से?"

मी मान दाखवली आणि टॉवेलच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्याची खूण केली. मामानं टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "वारा?"

"वारा," मी म्हटलं.